मार्गदर्शक कसा शोधायचा, कसा टिकवायचा : घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्यांसाठी

घरात पदवीपर्यंत पोचलेलं पहिलं माणूस तुम्हीच असाल, तर एक अडचण हमखास येते. फॉर्म भरता येतो, अभ्यास जमतो, मेसचं जेवणही पचनी पडतं. पण 'पुढे काय करू' हे विचारायला माणूस नसतो. वर्गातल्या काही मुलांचा मामा कंपनीत असतो, आत्या प्राध्यापक असते, शेजारचे काका सीए असतात. त्यांना जे घरी चहा पिता पिता कळतं, ते आपल्याला तिसरं वर्ष संपता संपता कळतं, तेही अर्धवट.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून पुण्यात बी.एस्सी.ला आले. कॉट बेसिसवर राहिले, अभ्यासिकेत बसले, आता नोकरी करते. जून-जुलै आला की गावाकडच्या मुलामुलींचे फोन सुरू होतात. सुरुवात 'मॅम'ने होते, तिसऱ्या निरोपापर्यंत 'ताई' होतं. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवते.

एक गोष्ट आधीच सांगते. आत्मविश्वास आला की मग कुणाला तरी भेटू, असं ठरवलंत तर ती वेळ येत नाही. घाबरत घाबरत का होईना, एक नेमका प्रश्न विचारायचा. मिळालेल्या उत्तरावर काहीतरी करायचं. आणि केलेलं सांगायला परत जायचं. अशा काही फेऱ्या झाल्या की समोरचा माणूस तुमचा मार्गदर्शक झालेला असतो आणि तुमचा आवाजही सुटलेला असतो. दोन्ही कामं एकाच वाटेवर होतात.

सुरू करण्याआधी जवळ काय हवं

- एक साधी वही, फक्त याच कामाची. फोनमधल्या नोंदी हरवतात.
- स्वतःच्या पूर्ण नावाचा ईमेल पत्ता. अकरावीत काढलेला 'किंग' किंवा 'एंजल'वाला पत्ता मित्रांपुरता ठेवा.
- एका पानाचा परिचय : शिक्षण, केलेले प्रकल्प, काम, येणाऱ्या भाषा. शेतात, दुकानात, घरच्या धंद्यात केलेलं कामसुद्धा लिहा. दुधाच्या डेअरीचा हिशेब सांभाळला असेल तर ते काम आहे.
- दहावीपासूनच्या गुणपत्रिका आणि प्रमाणपत्रं पीडीएफमध्ये, एका फोल्डरमध्ये. डिजिलॉकरवर मिळतील ती तिथून घ्या.
- व्हॉट्सॲपवर स्वतःचं नाव आणि चेहरा दिसेल असा फोटो. अनोळखी नंबरवर सिंहाचा फोटो असला की लोक उत्तर देत नाहीत.

१. प्रश्न बारीक करा

"सर, मला मार्गदर्शन करा." एवढाच निरोप आला की समोरच्याला सुरुवात कुठून करावी तेच कळत नाही. तो 'हो, नक्की' म्हणतो आणि विसरून जातो. यात त्याचा दोष नाही.

वहीत तीन ओळी लिहा. मी आत्ता काय करते आहे? येत्या सहा महिन्यांत कोणता निर्णय घ्यायचा आहे? तो घेताना मला नेमकं काय माहीत नाही? तिसरी ओळ म्हणजे तुमचा प्रश्न.

उदाहरण माझ्याच विषयातलं घेते. "रसायनशास्त्रात स्कोप आहे का?" या प्रश्नाला कुणीही 'आहे' म्हणेल आणि त्याचा काही उपयोग होणार नाही. हाच प्रश्न असा विचारून बघा : "मी टीवायला आहे. आयआयटीतल्या एम.एस्सी.साठी जामची परीक्षा द्यायची, की कुरकुंभ एमआयडीसीत गुणवत्ता नियंत्रणाची नोकरी धरायची, यात अडकले आहे. घरी दरमहा थोडे पैसे पाठवावे लागतील. शिफ्टची नोकरी करता करता जामचा अभ्यास खरंच होतो का?" याला दहा मिनिटांत उत्तर देता येतं, आणि ते फक्त त्या वाटेने गेलेला माणूसच देऊ शकतो.

प्रश्न तयार झाला की आधी इंटरनेटवर शोधून बघा. पूर्ण उत्तर तिथे मिळालं तर त्यासाठी माणूस खर्ची घालू नका. फी किती, शेवटची तारीख कोणती, पात्रता काय, हे संकेतस्थळावर असतं. माणसाला विचारायचं ते असं : या कामात दिवस कसा जातो? दुसऱ्यांदा संधी मिळाली तर तुम्ही काय वेगळं कराल? या कोर्सची मुलं दोन वर्षांनी कुठे दिसतात?

आणि एकच गुरू शोधत बसू नका. सगळ्या प्रश्नांची उत्तरं असलेला माणूस नसतो. अभ्यासाला एक, नोकरीच्या चौकशीला दुसरा, शहरात पैसे पुरवून कसं राहायचं यासाठी तिसरा. तिसरा बहुतेक वेळा रूम पार्टनरच निघतो.

२. माणूस कुठे भेटतो

सगळ्यात जवळचा आणि सगळ्यात दुर्लक्षित माणूस म्हणजे दोन वर्षं पुढे असलेला सीनिअर. मोठ्या पदावरच्या माणसाला आता प्रवेशाच्या फेऱ्या कशा चालतात हे आठवत नसतं. सीनिअरला सगळं ताजं असतं. सुरुवात इथून करा.

मग कॉलेजमधली माणसं. फक्त शिकवणारे प्राध्यापक धरू नका. ग्रंथपाल, प्रयोगशाळा सहायक, कार्यालयातले जुने कर्मचारी यांना कोणत्या वर्षीची कोणती मुलगी आज कुठे आहे हे पाठ असतं. आमच्या विभागात ही माहिती प्रमुखांपेक्षा प्रयोगशाळा सहायकांकडे जास्त होती.

राष्ट्रीय सेवा योजनेत नाव घाला. १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, सुरू झालेली ही योजना बहुतेक कॉलेजांत असते. दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचं एक निवासी शिबिर असतं. मुलं प्रमाणपत्रासाठी जातात, पण खरा फायदा शिबिरात होतो. ज्या सरांसमोर वर्गात उभं राहायला पाय लटपटतात, त्यांच्याबरोबर सात दिवस बंधारा घालायचा आणि एका पंगतीला जेवायचं. त्यानंतर त्यांच्या केबिनचं दार ठोठावणं सोपं जातं.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कॉलेजांत आणि विभागांत कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाने कमवा आणि शिका योजना आहे. ग्रंथालयात, कार्यालयात, बागेत तासांवर काम मिळतं. पैसे थोडे असतात हे खरं. पण ग्रंथालयात काम करणाऱ्या मुलीला आठवड्याभरात तिथे येणारे निम्मे संशोधक नावाने ओळखू लागतात.

शहराचाही उपयोग करून घ्या. २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास, पुण्यातली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि आयुका ही खगोलशास्त्राची संस्था, तसंच नारायणगावजवळच्या खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण सर्वांसाठी खुली होते. प्रत्येक उपकरणापाशी पीएच.डी. करणारी मुलंमुली उभी असतात आणि त्या दिवशी त्यांना प्रश्नांची उत्तरंच द्यायची असतात. एरवी ज्यांना ईमेल लिहायला आठवडा धीर गोळा करावा लागेल, ते समोर उभे असतात. सेल्फी काढून परत येऊ नका. "तुम्ही इथपर्यंत कसे आलात?" एवढं विचारा.

जागेचं महत्त्व सांगणारी एक खरी गोष्ट आहे. शाळकरी भीमराव आंबेडकर मुंबईत चर्नी रोडच्या बागेत वाचत बसत. तिथेच कृष्णाजी अर्जुन केळुसकर नावाचे शिक्षक वाचायला येत. त्यांनी या मुलाची चौकशी केली, पुस्तकं द्यायला सुरुवात केली. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा केळुसकरांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांना भेट दिलं. पुढे शिक्षण अडतंय असं दिसल्यावर सयाजीराव गायकवाडांकडे त्यांनीच शब्द टाकला आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली. केळुसकरांची नजर पारखी होती यात शंका नाही. पण मुलगाही अशा जागी रोज येऊन बसत होता, जिथे वाचणारी मोठी माणसं येत. तुम्ही रोज कुठे बसता, याचा विचार करा. अभ्यासिकेच्या कोपऱ्यात कानात इअरफोन घालून चार वर्षं काढली तर कुणी विचारायला येणार नाही.

काही संस्था हेच काम पद्धतशीर करतात. पुण्यात विद्यार्थी सहाय्यक समिती १९५५ पासून ग्रामीण मुलामुलींची वसतिगृहं चालवते. तिथे खोलीबरोबर माणसंही मिळतात. गडचिरोलीच्या शोधग्रामात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने २००६ मध्ये 'निर्माण' सुरू केलं. निवड झालेल्या तरुणांची शिबिरं होतात आणि 'आपण शिकून नेमकं कशासाठी काय करणार' हा प्रश्न तिथे टाळता येत नाही. विदर्भातून सुरू झालेली 'एकलव्य' ही संस्था तर पहिल्या पिढीतल्या विद्यार्थ्यांना नामवंत विद्यापीठांचे अर्ज भरण्यापासून हात देते. बार्टी, सारथी, महाज्योती, टीआरटीआय या राज्य सरकारच्या, वेगवेगळ्या समाजगटांसाठीच्या संस्थांपैकी तुमच्यासाठी कोणती आहे ते बघून तिच्या फेलोशिप आणि प्रशिक्षणाच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. ज्यांना आधी ती फेलोशिप मिळाली आहे, ते तुम्हाला शोधायचे लोक.

राहता राहिले ओळखीचे. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये दाखवून दिलं की नोकरीची खबर जिवलग मित्रांपेक्षा जुजबी ओळखीच्या माणसांकडून जास्त येते. कारण साधं आहे : जिवलग मित्राला तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत आहे. म्हणून वहीत एक यादी करा. गावातल्या मेडिकलवाल्याचा पुतण्या, जुन्या मुख्याध्यापकांची मुलगी, आईच्या बचत गटातल्या ताईंचा जावई. यादीतली नावं पाहून तुम्हालाच नवल वाटेल. लिंक्डइनवर आपल्या कॉलेजच्या पानावर माजी विद्यार्थ्यांची यादी असते, तीही चाळा. 'मी तुमच्याच कॉलेजची' हे वाक्य लोकांना बांधून ठेवतं.

३. पहिला निरोप

आधी फोन करू नका. सीनिअरला व्हॉट्सॲप, प्राध्यापक आणि नोकरदार माणसांना ईमेल किंवा लिंक्डइन. हे टाळा : नुसतं 'हाय', 'सर आहात का?', रोजचा सुप्रभात संदेश, दोन मिनिटांचा व्हॉइस मेसेज, रात्री अकरानंतरचा कुठलाही निरोप.

निरोपात चार गोष्टी पुरतात : मी कोण, तुमचा पत्ता कसा मिळाला, प्रश्न काय, तुमचा किती वेळ लागेल. असा लिहिता येईल :

"नमस्कार मॅडम. मी (नाव), (कॉलेज)मध्ये टीवाय बी.एस्सी. रसायनशास्त्र. ग्रंथपाल सरांनी तुमचा ईमेल दिला. तुम्ही नोकरी करता करता एम.एस्सी. केलीत असं त्यांच्याकडून कळलं. मलाही तोच विचार करायचा आहे, पण शिफ्टच्या नोकरीत अभ्यासाला वेळ कसा काढायचा ते समजत नाही. या किंवा पुढच्या आठवड्यात तुमच्या सोयीने पंधरा मिनिटं फोनवर बोलता येईल का? लिहून उत्तर दिलंत तरी चालेल. परिचय सोबत जोडला आहे."

गावच्या दादाला लिहिताना 'आदरणीय महोदय' नको, "दादा, नमस्कार. मी अमक्यांची धाकटी" इथून सुरू करा. मराठी माणसाला मराठीत लिहायला संकोच कसला? समोरचा इंग्रजीत लिहिणारा असेल तर साध्या, छोट्या वाक्यांत इंग्रजी लिहा. चॅटजीपीटीकडून अलंकारिक पत्र लिहून घेण्याची सध्या साथ आहे. शुद्धलेखन तपासायला त्याचा उपयोग जरूर करा, पण पत्र तुमचंच असू द्या. पत्रात एक माणूस आणि फोनवर दुसराच, हे पहिल्या मिनिटात लक्षात येतं.

उत्तर आलं नाही तर आठ-दहा दिवसांनी एकदा आठवण करा. तेव्हाही नाही आलं तर सोडून द्या, मनाला लावून घेऊ नका. माणसं कामात असतात, आजारी असतात, निरोप खाली जातो. पाच जणांना लिहिलंत आणि दोघांनी उत्तर दिलं तरी चांगलं समजा. 'माझ्यातच काहीतरी कमी आहे' हा निष्कर्ष एका न आलेल्या उत्तरावरून काढायचा नाही.

४. पहिली भेट

विभागात, कॅन्टीनमध्ये, कंपनीच्या बाहेर चहाच्या टपरीवर, कुठेही. दहा मिनिटं आधी पोचा. वही न्या. स्वतःची ओळख एका मिनिटात संपवा. ही ओळख आदल्या दिवशी आरशासमोर मोठ्याने म्हणून बघा. मग प्रश्न विचारा आणि गप्प बसा. गप्प बसणं अवघड जातं, कारण भीतीपोटी आपण बडबडतो.

लिहून घ्या. एखादा शब्द कळला नाही तर तिथेच विचारा. 'सीटीसी म्हणजे काय?' असं विचारलं म्हणून कुणी हसत नाही, आणि हसलाच तर तो तुमच्या कामाचा माणूस नाही हे लवकर कळलं.

नोकरी मागू नका. पहिल्या भेटीत तर नाहीच. उठण्याआधी दोन प्रश्न मात्र विचाराच : "याबाबत मी आणखी कुणाशी बोलू?" आणि "यातलं मी महिन्याभरात काय करून बघू?" पहिल्या प्रश्नातून पुढचा माणूस मिळतो. दुसऱ्यातून परत जायचं कारण.

चहाचे पैसे द्यायला हात पुढे करा. ते देऊ देणार नाहीत. तिथे ओढाताण करू नका.

५. परत जाणं

लोक इथे गळतात. माझ्याकडे येणाऱ्यांत पहिला प्रश्न विचारणारे पुष्कळ असतात. महिन्याने 'ताई, तुम्ही सांगितलं होतं ते केलं' म्हणणारे अगदी थोडे. त्या थोड्यांसाठी माणूस रविवारची दुपारही मोकळी करतो. बाकीच्यांची नावं लक्षात राहत नाहीत, कितीही हुशार असोत.

भेटीनंतर दोन दिवसांत आभाराचा निरोप पाठवा, पण नुसतं 'धन्यवाद' नको. तुम्हाला काय समजलं ते तीन ओळींत लिहा. चुकीचं समजलं असेल तर ते तिथेच दुरुस्त होतं. मग सांगितलेल्या गोष्टींपैकी एक, फक्त एक, करा. तीन-चार आठवड्यांनी कळवा :

"मॅडम, तुम्ही म्हणालात तसे जामचे मागचे पेपर घड्याळ लावून सोडवले. भौतिक रसायनशास्त्रात फार कमी गुण पडले, सेंद्रियमध्ये बरे आले. आता आधी भौतिकच्या दोन प्रकरणांवर बसते आहे. क्रम बरोबर आहे का?"

बघा, यात यश नाहीये. कमी गुण सांगितले आहेत. मार्गदर्शकाला चांगली बातमीच द्यायची, असा गैरसमज करून घेऊन मुलं नापास झाली की गायब होतात. खरं तर तेव्हाच जायचं असतं. सल्ला पाळला नसेल तरी कळवा : "घरी अडचण होती, जमलं नाही, आता पुढच्या महिन्यात करते." न पाळल्यामुळे माणूस दुखावत नाही, न कळवल्यामुळे दुखावतो.

दोघांनी उलटसुलट सल्ला दिला तर गोंधळू नका. कोण बरोबर, हे विचारण्याआधी दोघांची परिस्थिती बघा. सर ज्या काळात सेट-नेट (प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा) होऊन लगेच कायम झाले, त्या काळी जागा निघत होत्या; आज तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं शिकवणारे प्राध्यापक तुमच्याच कॉलेजात दिसतील. मॅडमच्या घरून पैशांची मागणी नव्हती. तुमच्या घरून आहे. सल्ल्यातून सल्ला देणाऱ्याचं आयुष्य वजा करून बघायचं. उरेल ते आपल्या उपयोगाचं.

वहीत चार रकाने आखा : तारीख, त्यांनी काय सांगितलं, मी काय केलं, काय झालं. चार-सहा आठवड्यांनी एकदा संपर्क पुरे. रोज काही विचारत राहिलात तर चांगला माणूसही कंटाळतो.

६. भीती, भाषा आणि आवाज

अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये मांडलं की 'हे मला जमेल' ही भावना चार ठिकाणांहून येते : स्वतः करून जमलेली गोष्ट, आपल्यासारख्याच कुणाला ती करताना पाहणं, विश्वासातल्या माणसाचा शब्द, आणि त्या वेळी शरीर कसं आहे ते. यातलं सगळ्यात पक्कं पहिलं. नुसता शब्द त्यामानाने कच्चा. म्हणूनच हॉलमध्ये टाळ्या वाजवायला लावणारी भाषणं ऐकून अंगात वीज येते आणि मंगळवारपर्यंत ओसरते. सीनिअर शोधा म्हटलं ते या चारांतल्या दुसऱ्या कारणासाठी, वहीचे रकाने आखा म्हटलं ते पहिल्या.

छोट्या गोष्टी करून जमवायच्या, आणि दर वेळी किंचित अवघड. पहिले पंधरा दिवस : बँकेत, कार्यालयात, बसमध्ये कुणाला तरी पूर्ण वाक्यात प्रश्न विचारा. मग वर्गात, आठवड्यातून एक शंका; आदल्या रात्री लिहून ठेवलेली असली तरी चालेल. मग राष्ट्रीय सेवा योजनेच्या कार्यक्रमात आभारप्रदर्शन. आभारप्रदर्शन कुणालाच नको असतं, म्हणून ते मागितलं की लगेच मिळतं. तिथून सूत्रसंचालन, मग वक्तृत्व स्पर्धा. पुण्या-मुंबईतच नाही, तालुक्याच्या कॉलेजांतही या स्पर्धा होतात, आणि हरणाऱ्याला विशेष कुणी बघत नसतं. नाटकाची आवड असेल तर कॉलेजच्या पुरुषोत्तम करंडकाच्या चमूत जा. १९६३ पासून चाललेल्या या स्पर्धेत रंगमंचावर उभं राहणाऱ्यांइतकीच पडद्यामागे राबणारी मुलं लागतात. लाजाळू मुलांना मी आधी पडद्यामागे जायला सांगते. प्रकाशयोजनेची वायर ओढता ओढता तोंड उघडतं.

बोलीची लाज हा वेगळा विषय आहे. 'ण'चा 'न' झाला, 'आलो'चं 'आलाव' झालं, की कुणीतरी नक्कल करतं आणि मूल वर्षभर गप्प होतं. प्रमाण मराठी शिकून घ्या, मुलाखतीत ती लागते. रोज दहा मिनिटं वर्तमानपत्राचा अग्रलेख मोठ्याने वाचा, फोनवर रेकॉर्ड करा, ऐका. इंग्रजीलाही हीच पद्धत. पण घरी फोनवर आईशी आपल्या बोलीतच बोला. मला दोन्ही भाषा येतात, असं म्हणायला शिका. नक्कल करणाऱ्याला एकच येत असते.

शरीराचं कारण लोक विसरतात. चार तास झोप आणि सकाळपासून नुसत्या चहावर मुलाखतीला गेलात तर हात थरथरणारच. ती थरथर भुकेची आहे, लायकीची नाही. पोहे खाऊन जा.

आणि भीती साधी नसेल तर? झोप आठवडेच्या आठवडे उडाली, खोलीबाहेर पडावंसं वाटत नाही, जगणं नकोसं वाटतं, तर हे मार्गदर्शकाचं काम नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. विनामूल्य आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं.

७. सापळे

सगळ्यात मोठा सापळा 'मेंटॉर' हा शब्द वापरूनच येतो. गावाकडचा ओळखीचा मुलगा फोन करतो : "एक बिझनेस अपॉर्च्युनिटी आहे, रविवारी फॉर्मल घालून ये, काय आहे ते आल्यावर कळेल." हॉलमध्ये सुटाबुटातली माणसं आपली गरिबीतून वर आल्याची कहाणी सांगतात, पडद्यावर गाडी आणि परदेशवारीचे फोटो येतात. शेवटी कळतं की आधी काही हजारांचा माल किंवा पॅकेज घ्यायचं आणि मग खाली माणसं जोडायची. नव्या माणसांच्या भरतीवरच कमाई चालणारी पिरॅमिड योजना २०२१ च्या डायरेक्ट सेलिंग नियमांनुसार चालवता येत नाही. पैशांच्या साखळीच्या योजनांवर तर १९७८ पासून कायद्याने बंदी आहे. ओळखण्याची खूण सांगते : काम काय आहे ते फोनवर सांगत नाहीत, 'घरच्यांना आत्ताच सांगू नको' म्हणतात, आणि शंका काढली की 'तुझा माइंडसेट निगेटिव्ह आहे' असं उत्तर येतं. तिथून उठायचं. मित्र रागावेल, रागावू द्या. ऑनलाइन पैसे गेले असतील तर लाजून बसू नका, ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

दुसरा, पैसे घेऊन आत्मविश्वास देणारे कोर्स. कौशल्य शिकवणाऱ्या वर्गाला फी असते, त्यात गैर काही नाही. पण ईएमआयवर 'व्यक्तिमत्त्व विकास' विकत घेऊ नका. आज रात्री बारापर्यंतच सवलत, असं सांगणाऱ्याकडून तर मुळीच नाही.

तिसरा, फुकट राबवून घेणारा मार्गदर्शक. शिकण्यासाठी थोडं काम करणं ठीक. पण तुमच्या शोधनिबंधावर त्यांचंच नाव, घरची कामं, मुलांना शाळेतून आणणं, हे सुरू झालं की मार्गदर्शन संपलं. भांडण न करता परीक्षेचं कारण सांगून अंतर वाढवा.

चौथा, मुलींनी आणि मुलांनीही लक्षात ठेवायचा. भेट सार्वजनिक जागी, दिवसा, आणि कुठे जाताय हे एका मैत्रिणीला सांगून. रात्री उशिरा खासगी गप्पा, 'हे आपल्या दोघांतच ठेव', शिफारसपत्राच्या बदल्यात सलगी, यातलं काही दिसलं तर निरोप पुसू नका, स्क्रीनशॉट ठेवा. यूजीसीच्या २०१५ च्या नियमांनुसार प्रत्येक कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती असावी लागते. तिच्या सदस्यांची नावं सूचना फलकावर किंवा संकेतस्थळावर बघून ठेवा, गरज पडण्याआधीच.

पाचवा आपल्याच बाजूचा. प्रत्येक निर्णय विचारूनच घ्यायची सवय लागते. पाच-सहा भेटींनंतर प्रश्नाची मांडणी बदला : "मी काय करू?" याऐवजी "मी असं ठरवलं आहे, यात काही दिसतंय का?"

८. घरचे, आणि निकालाचा दिवस

तुम्ही कुणाला भेटता, काय विचारता, हे घरी थोडक्यात सांगत जा. वडिलांना 'करिअर गायडन्स' कळणार नाही, पण "अमक्या गावच्या एक बाई आहेत, इथे कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहेत, त्यांना विचारून फॉर्म भरला" हे नीट कळतं. शक्य असेल तर एकदा फोनवर बोलणं करून द्या. पुढच्या वर्षी लग्नाचा विषय निघाला की तो एक फोन फार कामाला येतो. माझ्या ओळखीच्या दोन मुलींचं एम.एस्सी. त्यावर पुरं झालं.

मार्गदर्शकाला महागड्या भेटवस्तू देऊ नका, त्यांनाच अवघडल्यासारखं होतं. गावाहून येताना शेंगदाण्याचे लाडू किंवा हुरडा आणलात तर नाही म्हणणार नाहीत. आणि निकाल लागला, प्रवेश मिळाला, नोकरीचं पत्र आलं, तर स्टेटस टाकण्याआधी त्यांना फोन करा. इतरांबरोबर स्टेटसवरून कळलं की ते काही बोलत नाहीत, पण लक्षात ठेवतात. नाही मिळालं तरी फोन करा, त्याच दिवशी, आणि पुढचा फॉर्म कधी निघतोय ते विचारून घ्या.